देशी की विदेशी? किराणा, फळं आणि घरगुती वस्तूंबद्दल नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतवारीतला किराणा, कळमन्यातली फळं, सदर-धरमपेठेतली इम्पोर्टेड मालाची दुकानं आणि सीताबर्डीच्या फुटपाथवरचे चार्जर यांबद्दल ग्राहक जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

विदेशी माल देशी मालापेक्षा चांगला असतो, हे खरं का?

नाही. उलट विधानही तितकंच खोटं आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ दोन्हींना सारखाच लागू होतो, आणि इथे विकायच्या विदेशी पाकिटाला भारतीय मानकं पाळावीच लागतात. कुठलं मानक कडक, हे मात्र पदार्थागणिक बदलतं. पावात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट भारताने २०१६ मध्ये बंद केलं, अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत ते अजून चालतं. दुधातल्या ॲफ्लाटॉक्सिन एम-१ या बुरशीच्या विषाची मर्यादा आपल्याकडे किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ती त्याच्या दहावा हिस्सा, म्हणजे ०.०५. त्यामुळे 'फॉरेनचं आहे' एवढ्यावर काहीच कळत नाही. पाकिटावर जबाबदारी घेणारं नाव कोणाचं, आणि बंदरापासून आपल्या हातात येईपर्यंत माल कसा ठेवला होता, हे विचारलं की बरंच कळतं.

बंदरावर प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत जात नाही, हेही माहीत असू द्या. जोखीम पाहून तपासणी होते. 'कस्टम क्लियर' म्हणजे 'पूर्ण तपासलेला' असं धरून चालू नका.

इम्पोर्टेड खाद्यपदार्थाच्या पाकिटावर काय बघायचं?

आधी आयातदाराचं स्टिकर शोधा. मूळ लेबल परदेशी कंपनीचं असतं, आणि भारतात विकण्यासाठी त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि १४ अंकी लायसन्स नंबर लागतो. शाकाहारी-मांसाहारी खूण, सर्व करांसह रुपयांतली एमआरपी, निव्वळ वजन, मूळ देश आणि तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल हेही हवं.

१४ अंकी नंबर थोडा वाचता आला तर फसवणूक पटकन ध्यानात येते. पहिला अंक १ असेल तर लायसन्स, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा १५. नंतरचे दोन वर्षाचे. आयातदाराला केंद्रीय लायसन्सच लागतं आणि ते १०० ने सुरू होतं. इम्पोर्टेड बिस्किटाच्या स्टिकरवर २१५ ने सुरू होणारा नंबर दिसला, तर तो बहुधा दुकानदाराने स्वतःच्या नोंदणीचा चिकटवलेला आहे. एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर नंबर टाकला की नाव, पत्ता आणि लायसन्स चालू आहे की संपलं, तिन्ही दिसतं. स्टिकरवरचं नाव आणि तिथलं नाव जुळायला हवं.

एक बारकावा बरेच जण सोडतात. आयातदाराचं नाव, लायसन्स नंबर, शाकाहारी खूण या गोष्टी स्टिकरने लावायला परवानगी आहे. बॅच नंबर, संपण्याची तारीख आणि घटक मात्र उत्पादकाच्याच छपाईत असायला हवेत. तारखेवरच स्टिकर असेल, किंवा स्टिकरखाली दुसरी तारीख जाणवत असेल, तर ते पाकीट जागेवर ठेवा. नखाने कोपरा उचलून बघायला काही हरकत नाही. खरं स्टिकर सहज निघत नाही.

हिरवा ठिपका नाही, पण घटकांत मांस-अंडं काही दिसत नाही. शाकाहारी समजायचं का?

खूणच नसेल तर माल नियमाने आलेला नाही. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण मांसाहारी. जुन्या पाकिटांवर तपकिरी ठिपका असायचा, २०२० च्या लेबलिंग नियमांनी त्रिकोण आणला. विदेशी गोळ्या-चॉकलेटांत ई१२० म्हणजे किड्यांपासूनचा लाल रंग, ई४४१ म्हणजे जिलेटिन, ई९०४ म्हणजे लाखेचा थर. ई४७१ वनस्पतीचंही असतं, प्राण्याच्या चरबीचंही. ते आकड्यावरून कळत नाही, तिथे खुणेवरच भिस्त.

'दुबईहून डायरेक्ट आणलेला माल' स्वस्त मिळतो. घ्यावा का?

प्रवासी स्वतःच्या वापरासाठी सामानात जे आणतो, ते विकायला आणलेलं नसतं. त्यावर आयातदाराचं स्टिकर नाही, रुपयांतली एमआरपी नाही. चॉकलेट खराब निघालं तर फार तर चव बिघडते. बेबी फूड, प्रोटीन पावडर, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि चेहऱ्याची क्रीम असल्या मालातून कधीही घेऊ नका, कारण त्रास झाला तर बोट दाखवायला दुकानदाराशिवाय कोणीच नसतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार उत्पादक कोण ते कळत नसेल, किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल, तर विकणाऱ्यावरच दायित्व येऊ शकतं. 'आम्ही फक्त विकतो' असं म्हणणाऱ्या दुकानदाराला हे सांगून बघा, बहुतेकांना ठाऊक नसतं.

०३/०४/२६ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च?

अमेरिकी पाकिटावर आधी महिना, मग दिवस. युरोप-आखाताच्या मालावर आपल्यासारखाच दिवस आधी. शंका आली तर जी तारीख आधी येते ती धरा.

आयातीचा नियम असा आहे की कस्टममधून सुटताना मालाचं ६० टक्के आयुष्य किंवा ३ महिने, यांतलं जे कमी ते तरी शिल्लक असावं. म्हणजे दोन वर्षं टिकणारा जॅम तीन महिने उरलेले असतानाही कायदेशीर आत येऊ शकतो. पुढे बंदरावरचं गोदाम, नागपूरचा डिस्ट्रिब्युटर, मग दुकान. 'दोनावर एक फ्री' इम्पोर्टेड मालावर का असतं, त्याचं उत्तर बहुतेक वेळा तारखेतच सापडतं. तारीख आहे तोवर माल खायला चालतो, पण महिनाभरात संपेल तेवढाच घ्या.

बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे भारतीय, ६९० ने झाला म्हणजे चिनी ना?

तसं नाही. हे आकडे बारकोड कुठल्या देशाच्या संस्थेकडे नोंदला ते सांगतात. चीनमध्ये बनलेल्या वस्तूवर ८९० असू शकतं. 'मूळ देश' लिहिलेली ओळ वाचा, ऑनलाइन दुकानांनाही ती दाखवावीच लागते.

इम्पोर्टेड सफरचंदावर मेण असतं. धोक्याचं आहे का?

चाकूने खरवडल्यावर जे पांढरं निघतं ते बहुधा कार्नोबा (ताडाच्या पानांचं मेण), मधमाशीचं मेण किंवा शेलॅक (लाख). ही तिन्ही आपल्या नियमांतही चालतात. पॅकिंगआधी धुताना सफरचंदाचं स्वतःचं मेण जातं, फळ सुकू नये म्हणून वरून थर देतात. गरम पाण्यात बुडवून 'बघा, मेण निघालं' म्हणणारे व्हिडिओ खाण्यायोग्य मेण आणि मेणबत्तीचं पॅराफिन यांतला फरक दाखवत नाहीत. दोन्ही पांढरीच दिसतात.

मेणापेक्षा सालीवर उरलेल्या औषधांचा विचार करा. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे खायचा सोडा घालून सफरचंद १२ ते १५ मिनिटं ठेवा, मग नळाखाली चोळून धुवा. पृष्ठभागावरचा बराच अंश जातो, सालीत मुरलेला जात नाही. हे काश्मिरी सफरचंदालाही तितकंच लागू आहे.

ताजेपणाबद्दल थोडं. वॉशिंग्टनचं सफरचंद ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडतात, काश्मीरचंही त्याच सुमाराला. मे महिन्यात नागपुरात मिळणारं यांतलं कुठलंही फळ नियंत्रित हवेच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये महिनोन्‌महिने राहिलेलं असतं. त्या दिवसांत चिली किंवा न्यूझीलंडचं घेतलं तर तोडणी जवळची मिळते, तिथला हंगाम आपल्या उलट असतो. फळावरच्या छोट्या स्टिकरवर चार आकडे असतील तर नेहमीची शेती, ९ ने सुरू होणारे पाच असतील तर सेंद्रिय. पण ही स्टिकरं रिळानेही मिळतात, नुसत्या ९ साठी दुप्पट पैसे देऊ नका.

नागपुरात राहून संत्रं ओळखण्यात फसतो. नागपुरी, किन्नो आणि इम्पोर्टेड यांत फरक काय?

ही फसवणूक शहराच्या मध्यात, 'नागपुरी' अशा पाटीखाली चालते, म्हणून थोडं सविस्तर.

नागपुरी संत्र्याची साल सैल, फुगीर आणि देठाजवळ किंचित मान उचललेली. अंगठा घातला की साल एका झटक्यात सुटते. रंग पिवळसर नारिंगी, फार भडक कधीच नसतो. किन्नो पंजाब-राजस्थानकडून हिवाळ्यात येतो. तो मुळात कॅलिफोर्नियात तयार झालेला संकर आहे, पण आपल्याकडे पूर्ण रुळला. साल घट्ट आणि गुळगुळीत, रंग गडद, वरची-खालची बाजू चपटी, आत बियाच बिया, एका फळात १२ ते २५ सहज. खायला वाईट नाही, रस भरपूर असतो. फक्त नागपुरीच्या भावात तो घेऊ नका.

हंगाम लक्षात ठेवला तर अर्धं काम होतं. संत्र्याला वर्षात दोन बहार येतात: आंबिया बहाराचं फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिल. जानेवारीत 'ताजं नागपुरी' म्हणून चकचकीत, एकसारख्या रंगाचा ढीग दिसला तर तो बहुधा किन्नो. आंबियाच्या सुरुवातीच्या फळावर हिरवट छटा असते, तिला घाबरू नका. साल रंगायला थंड रात्री लागतात, आतली गोडी त्यावर थांबत नाही. मृगाचं फळ चवीला जास्त जमून येतं, असं जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे.

मॉलमध्ये जाळीच्या पिशवीत मिळणारं इजिप्त किंवा दक्षिण आफ्रिकेचं ऑरेंज ही वेगळीच जात, मोसंबीच्या जवळची. साल सोलत नाही, कापून खावं लागतं. समुद्रमार्गे येताना सडू नये म्हणून त्यावर मेणाबरोबर इमाझॅलिल किंवा थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक बहुधा असतं, आणि ते खोक्यावर लिहिलेलंही असतं. रस काढायला हरकत नाही. साल किसून केकमध्ये किंवा संत्राबर्फीत घालायची असेल तर ते फळ नको. सालीसाठी आपलं नागपुरी घ्या, शक्यतो मेण न लावलेलं. वरुड-काटोलकडच्या ग्रेडिंग केंद्रांवर नागपुरीलाही मेण देतात, त्यामुळे फळ चमकत नसेल तर उलट चांगलंच.

आंबा-केळी कार्बाइडने पिकवलेली आहेत हे कसं कळेल?

खात्रीने फक्त प्रयोगशाळेत कळतं. घरी एवढं बघा: साल सगळीकडे पिवळी, पण कोय-गाभा कडक, वास नाही, आणि पेटीत फळाला चिकटून राखाडी पुडी. कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. रायपनिंग चेंबरमध्ये १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) इथिलीन वायू देऊन पिकवणं कायदेशीर आहे आणि त्यात काही वावगं नाही.

चायनीज लसूण खरंच बाजारात येतो का?

चीनमधून लसूण आणायला २०१४ पासून बंदी आहे. कारण रोगबुरशीचं होतं, ती आपल्या लसणाच्या शेतीत पसरली असती. तरी नेपाळमार्गे चोरून येतो. खुणा अशा: गड्डा मोठा, पांढराशुभ्र, पाकळ्या जाड, आणि बुडाशी मुळं साफ कापलेली. देशी लसणाच्या बुडाला मुळांचा गुंता आणि मातीचा कण असतो, चोळल्यावर वासही उग्र येतो. पण हिमाचलच्या आणि उटीच्या लसणाचाही गड्डा मोठा असतो, म्हणून नुसत्या आकारावरून भाजीवाल्याशी भांडू नका.

बेसन आणि डाळीत विदेशी काय असतं?

बरंच. तूर मोझांबिक, टांझानिया आणि म्यानमारहून येते. बाजारात गजरी, अरुशा, लेमन ही नावं ऐकली असतील, ती याच तुरींची. ती इथल्याच दालमिलमध्ये भरडली जाते आणि पाकिटावर मिलचं नाव येतं. सुरक्षिततेत फरक पडत नाही. शिजायला जास्त वेळ लागला तर डाळ बहुधा जुनी असते, देश कुठलाही असो.

बेसनात खरी गोम आहे. कॅनडा आणि रशियाचा पिवळा वाटाणा हरभऱ्यापेक्षा स्वस्त पडतो, आणि डिसेंबर २०२३ नंतर बराच काळ तो आयात शुल्काशिवाय येत होता. वाटाण्याचं पीठ विषारी नाही, पण 'बेसन' म्हणून विकणं ही फसवणूकच. साध्या डोळ्यांनी ते ओळखू येत नाही. भाव मात्र खोटं बोलत नाही: चणा डाळीचा किलोचा भाव अधिक दळणावळ, यापेक्षा बेसन स्वस्त असेल तर आत काहीतरी आहे. झुणका, पाटोडी वारंवार करत असाल तर डाळ आणून गिरणीवर दळून घेणं सोपं.

डाळीत लाखोळीची (लाखेच्या डाळीची) भेसळ हा आपल्या भागाचा जुना विषय. दाणा पाचरीसारखा, एका बाजूने उतरता, रंग राखाडी-पिवळट. भरडलेल्या डाळीत पाच-सहा तुकडे असे दिसले तर मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरून निवडा. दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळी खाल्ल्यामुळे पाय लुळे पडण्याचा आजार होत असे. एखाद्या वरणातून तसं होत नाही, पण डाळ बदलून मागायला हे पुरेसं कारण आहे.

तेल कुठलं घ्यावं? घाणीचं देशी की रिफाइंड?

देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात होतं: इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयाबीन, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल. ते इथे शुद्ध होऊन देशी ब्रँडच्या पाकिटात येतं. 'देशी तेल' म्हणून जे घरात येतं ते बऱ्याचदा समुद्र ओलांडून आलेलं असतं, आणि त्यात गैर काही नाही.

लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाबद्दल मात्र सावध राहा. दाणा ओला साठवला की बुरशी धरते, ॲफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि घाण्याच्या तेलात ते उतरतं. रिफाइनरीत अल्कलीची प्रक्रिया होते तेव्हा ते बरंचसं निघून जातं. म्हणून घाण्यावर जाल तेव्हा तेलाआधी दाणे बघा. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा दिसला तर परत फिरा. 'केमिकल नाही' एवढ्यावर भुलू नका, बुरशी तर पूर्ण नैसर्गिक असते.

मिश्र तेलाच्या पाकिटावर ॲगमार्क (शेतमालाच्या दर्जाचं सरकारी चिन्ह) लागतं, आणि प्रत्येक तेलाचं प्रमाण किमान २० टक्के असावं लागतं. म्हणजे सूर्यफुलाच्या नावाखाली आत ८० टक्के पाम असू शकतं. तेलांची टक्केवारी वाचा. डब्यातून मापाने सुटं तेल विकायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वस्त्यांमध्ये ते सर्रास विकलं जातं, आणि भेसळीला सगळ्यांत जास्त वाव तिथेच.

ॲगमार्कची केंद्रीय प्रयोगशाळा नागपुरातच आहे, पण हातात तेलाची बाटली घेऊन तिथे जाऊ नका. ग्राहकाच्या नमुन्याचा रस्ता वेगळा आहे, तो तक्रारीच्या प्रश्नात दिला आहे.

इंडोनेशियाची सुपारी खराब आणि देशी चांगली, असं पानठेलेवाले सांगतात. खरं काय?

नागपूर हे सुपारीचं मोठं व्यापारी केंद्र, आणि 'सडकी सुपारी' हा इथला जुना घोटाळा. सुपारीवर १०० टक्के आयात शुल्क आहे. सार्क देशांच्या व्यापार करारात मात्र सवलत मिळते, म्हणून इंडोनेशियाचा माल शेजारच्या देशाचा दाखवून किंवा ईशान्येच्या सीमेवरून आत आणायचा, अशी ही युक्ती. फेब्रुवारी २०२३ पासून किलोला ३५१ रुपयांहून कमी किमतीची सुपारी आयात करायला मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत हा विषय गेला आहे. ओलसर, बुरशी धरलेल्या मालाला भट्टीत गंधकाची धुरी देऊन उजळ करतात, मग तो चांगल्या मालात मिसळतो. कातरल्यावर आत काळी-निळसर रेघ किंवा पोकळी दिसली आणि कुबट वास आला की समजा.

आता दुसरी बाजू, जी पानठेल्यावर कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे, तंबाखू नसली तरी. त्यात देशी-विदेशी भेद नाही. खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) चांगल्या सुपारीचा आहे, हा दिलासा पोकळ आहे. खर्ऱ्यात पडणाऱ्या सुगंधित तंबाखूवर तर राज्यात बंदीच आहे.

दालचिनी, हिंग यांत काय बघायचं?

हिंगाचा कच्चा माल अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानमधून येतो. आपल्याकडे लागवडीचा प्रयत्न २०२० मध्ये लाहौलच्या खोऱ्यात सुरू झाला. डबीतला बांधानी हिंग म्हणजे त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा आणि डिंक. उपासाला किंवा ग्लुटेन चालत नसेल तर घटक वाचा.

दालचिनी म्हणून मिळतो तो बहुधा चीन-व्हिएतनामचा कॅसिया: जाड, कडक, एकाच वळणाची साल. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ असते, सिगारसारखे अनेक पदर असतात आणि बोटांनी मोडते. मसालेभातात कुठलीही चालेल. पण साखर कमी व्हावी म्हणून रोज चमचाभर पूड घेणाऱ्यांनी कॅसिया टाळावा, त्यात यकृताला त्रास देणारं कुमारिन असतं. रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. एक ग्रॅम कॅसियात साधारण ३ मिलिग्रॅम सापडतं. दोन ग्रॅमला मर्यादा भरली.

उन्हाळ्यात घेतलेल्या विदेशी चॉकलेटवर पांढरं येतं. फेकावं का?

बुरशी नसते ती. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टेम्पोत वितळलं, दुकानाच्या एसीत पुन्हा घट्ट झालं, की चरबी वर येऊन पांढरी दिसते. खायला चालतं, पण चव गेलेली असते. दुकानदाराची साठवण कशी आहे ते मात्र त्यातून कळतं, आणि त्याच फ्रिजमधलं चीज घ्यायचं की नाही ते ठरवता येतं. फ्रोझन मटार किंवा बेरीचं पाकीट दाबून बघा. दाणे सुटे वाजायला हवेत. दगडासारखा एकच गोळा असेल तर माल मध्ये वितळून पुन्हा गोठला आहे.

खेळणी, चार्जर, कुकर: आयएसआय बघितलं की झालं?

अर्धं झालं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय सक्तीचं आहे, देशी असो वा विदेशी. चिन्हावर मानकाचा क्रमांक असतो (साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवरच्या खेळण्यांना आयएस १५६४४, कुकरला आयएस २३४७) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. नुसतं चिन्ह छापलं आणि खाली नंबर नाही, तर ते खोटं. नंबर असला तरी भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये 'व्हेरिफाय लायसन्स' मध्ये टाका. समोर कंपनी दुसरीच आली, किंवा लायसन्स कुकरचं आणि हातात बाहुली, असंही होतं.

चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे यांना आयएसआय नाही, नोंदणी क्रमांक असतो: आर आणि पुढे आठ आकडे. तोही त्याच ॲपमध्ये तपासता येतो, ब्रँड आणि कारखान्याचा देश दिसतो. दीडशे रुपयांच्या 'फास्ट चार्जर' मध्ये आतून काय चुकतं? २३० व्होल्टची बाजू आणि मोबाइलकडची ५ व्होल्टची बाजू यांत किमान ५-६ मिलिमीटरचं अंतर आणि नीट गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर हवा. पैसे वाचवायला हे अंतर एक-दोन मिलिमीटरवर येतं. पावसाळ्यातली ओल, त्यात धूळ, आणि एक दिवस मेन्सचा करंट थेट केबलमध्ये. फोन चार्जिंगला असताना धातूच्या कडेला झिणझिण्या येत असतील तर तो चार्जर लगेच काढा.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत बसायला नको, तो घशात अडकू शकतो. बटण सेलची झाकणं स्क्रूची हवीत. खटक्याची नकोत.

अमेरिकेहून भावाने मिक्सर पाठवला. इथे चालेल?

थेट नाही. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावला तर काही सेकंदांत जळतो. ७५० वॉटच्या मिक्सरला किमान १००० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि प्रवासाचा छोटा प्लग कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही, फक्त पिना बदलतो. मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटरला हर्ट्झचा फरक फारसा जाणवत नाही. पंखा किंवा पंपाची इंडक्शन मोटर मात्र सहावा हिस्सा मंद फिरेल आणि तापेल. लॅपटॉप-फोनच्या ॲडॉप्टरवर १००-२४० लिहिलं असेल तर चिंता नाही.

विदेशी क्रीम जास्त सुरक्षित ना?

आयात कॉस्मेटिकवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेचा नोंदणी क्रमांक लागतो, देशी मालावर उत्पादन लायसन्स नंबर. दोन्ही नसलेली, ब्युटी पार्लरमध्ये छोट्या डबीत मिळणारी 'गोरं करणारी' क्रीम सगळ्यांत वाईट. त्यांत पारा सापडतो. नियमाने नकळत येणारा पारासुद्धा १ पीपीएमच्या आत हवा. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. ती क्रीम परदेशी ब्रँडची नव्हती, स्थानिक होती. आठ-दहा दिवसांत रंग उजळतो असं कोणी सांगितलं तर तेवढंच कारण ती न घ्यायला पुरे.

'एक्सपोर्ट क्वालिटी' लिहिलेला देशी माल अधिक चांगला असतो का?

या शब्दांना कायद्यात काही अर्थ नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक सापडल्यामुळे कारवाई केली, तो माल निर्यातीचाच होता.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

पाकीट, उरलेला माल आणि बिल जपा. बॅच नंबर, तारीख, आयातदाराचं स्टिकर यांचे फोटो घ्या. त्याच बॅचचं दुसरं पाकीट असेल तर ते फोडू नका.

खाद्यपदार्थासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी द्या, किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर टाका. तुमचं उघडलेलं पाकीट कायद्याचा नमुना ठरत नाही, हे बऱ्याच जणांना खटकतं. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून त्याच बॅचचा नमुना घेतो, त्याचे चार भाग करतो आणि एक प्रयोगशाळेतल्या अन्न विश्लेषकाकडे जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. म्हणून तक्रार उशिरा केली आणि बॅच विकून संपली, तर हाती काही उरत नाही. दोन दिवसांच्या आत करा.

स्वतः तपासून घ्यायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० आहे. शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासणी करता येते, पण खरेदी करतानाच 'मी हे तपासायला देणार आहे' असं विक्रेत्याला सांगावं लागतं. माल दोषी निघाला तर शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे.

एमआरपी, वजन, आयातदाराचं नाव नसणं, या गोष्टी वैधमापन शास्त्र विभागाच्या. खोटं आयएसआय असेल तर बीआयएस केअर ॲपवरूनच तक्रार करा, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड आहे. पैसे परत हवे असतील तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ऑनलाइन घेतलेला माल कुठूनही आला असला तरी नागपुरात राहणारा नागपुरातच दाखल करू शकतो.

बिल दिलं नाही तर?

मागा. दुकानदार 'बिल लावलं तर जीएसटी वेगळा' म्हणाला तर एमआरपीवर बोट ठेवा, त्यात सगळे कर आलेले असतात. तरीही नाहीच मिळालं, तर रोख देऊ नका. यूपीआयची नोंद, दुकानाच्या पाटीचा फोटो आणि त्याच वेळचा पाकिटाचा फोटो, एवढ्यावर खरेदी दाखवता येते. पाटीच नसलेल्या ठेल्यावरून चार्जर घेतला असेल तर मात्र तक्रारीच्या भानगडीत न पडता तो टाकून दिलेला बरा.